रस्त्यात बंद पडण्याची रंगीत तालीम

खंबाटकी उतरून वेळे आलं की पुण्याहून निघालेला माणूस जरा सैल पडतो. ट्रकांच्या रांगेतून सुटका झालेली असते, सुरूर फाटा जवळ आलेला असतो आणि वाईत काय खायचं याचा विचार सुरू होतो. ऑक्टोबर २०२४मधल्या एका रविवारी सकाळी पावणेसातला मीही असाच सैल पडलो होतो. पुढचा टेम्पो एकदम उजवीकडे का सरकला हे कळेपर्यंत खड्डा आला. पहारीने फरशी फोडावी तसा आवाज झाला आणि गाडीने मागून डाव्या बाजूला बसकण मारली.

गाडी पोर्श केमन एस. २००८ची, ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे, दोनच सीट, उंची जेमतेम माझ्या छातीएवढी. मी तिचा तिसरा मालक. नव्या फॉर्च्युनरपेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळाली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशी गाडी म्हटली की मागे ड्रायव्हर, मॅनेजर, फार्महाऊस असा लवाजमा असेल असं लोकांना वाटतं. माझं भोसरीत चार मशिनचं जॉबवर्कचं शॉप आहे, आणि गाडी बंद पडली की फोन करायला मीच असतो.

बाजूला घेऊन उतरलो तर पाच मिनिटांत दोन मोटारसायकली थांबल्या. पहिला प्रश्न आला, "कुणाला उडवलं तर नाही ना?" मे २०२४मधल्या पुण्याच्या पोर्श अपघातानंतर पुणे पासिंगच्या पोर्शला हा प्रश्न येणारच. मला राग आला नाही. मी टायर दाखवला, मग त्यातलाच एक जण उरलेला वेळ माझ्यासोबत थांबला. सुरूरच्या पंक्चरवाल्याला फोनही त्यानेच लावला.

या गाडीत स्टेपनी नाही. कंपनीने पुढच्या डिकीत सीलंटची बाटली आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा कंप्रेसर दिलेला असतो. बाटलीवर मुदत छापलेली असते. माझ्या बाटलीची मुदत आधीच्या मालकाच्या काळातच संपली होती. पण ती ताजी असती तरी काय दिवे लावले असते? सीलंट खिळ्याच्या भोकासाठी असतं. इथे साइडवॉलला दोन बोटं आरपार जातील एवढी चीर होती. पंक्चरवाल्याने फोनवरच विचारलं, "साइज काय?" मी म्हटलं, २६५/४० आर १८. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "साताऱ्यात नाय मिळायचा, साहेब. कोल्हापुरात पण नाय."

मग रोडसाइड असिस्टन्सला फोन. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिकडची मुलगी बिचारी नम्र होती.

"सर, गाडी कोणती?"

"पोर्श."

"कोर्सा?"

"पोर्श."

"सर, कोर्साच टाकते, सिस्टीममध्ये तेच येतंय."

दोन तास चाळीस मिनिटांनी जे आलं ते जुन्या, साध्या ओपेल कोर्साला शोभेल असंच होतं. मागे लोखंडी हुक, त्याला साखळी, साखळीवर अनेक बंपरांचे रंग. ऑपरेटर माणूस कामाला तयार होता. "साहेब, पुढनं उचलतो, मागची चाकं फिरत येतील." मागचं एक चाक फिरण्याच्या अवस्थेत नव्हतं, गाडी मागच्या चाकांवर चालणारी, वर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. "मग मागनं उचलतो." मागे उचलायला बंपरखाली सायलेन्सर आहे. "मग तुम्हीच सांगा हुक कुठं लावू." इथे मी गप्प झालो, कारण मला माहीत नव्हतं. चार वर्षं गाडी माझ्याकडे होती. कुठल्या आरपीएमला आवाज बदलतो यावर मी अर्धा तास बोललो असतो, पण तिला ओढायची कुठून ते मला माहीत नव्हतं.

मॅन्युअल काढलं. पुढच्या बंपरमध्ये एक झाकण आहे, ते काढलं की आटे असलेलं भोक दिसतं, टूलकिटमधला आयबोल्ट, म्हणजे डोक्याला कडं असलेला बोल्ट, तिथे बसवायचा. मी बसवायला गेलो तर आटा धरेना. ऑपरेटर, मोटारसायकलवाला आणि मी, तिघांनी दहा मिनिटं प्रयत्न केले. दिवसभर आटे पाडायचं काम करणारा मी, आणि आटा उलटा असू शकतो हे मला सुचलं नाही! जर्मन गाड्यांत हा आटा बरेचदा डावा असतो. ओढताना-हिसकताना बोल्ट सैल पडू नये म्हणून तसा ठेवत असावेत. डावीकडे फिरवला आणि लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

हुकवाला परत गेला. साताऱ्याहून फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक, यायला साडेबारा वाजले. त्याचा रॅम्प एवढा चढा की गाडीचं नाक आधी लोखंडाला टेकायचं आणि चाक नंतर. शेजारच्या रसवंतीमागे सेंट्रिंगच्या फळ्या पडल्या होत्या. रसवंतीवाल्याने त्या दिल्या, पैसे घेतले नाहीत, फक्त गाडीत बसून फोटो काढला. वर चढवल्यावर ऑपरेटरने साखळ्या कुठून टाकल्या ते मी पाहिलं नाही, कारण तेव्हा मी रसवंतीत दुसरा ग्लास पीत होतो. सोमवारी पुण्यात लिफ्टवर घेतल्यावर कळलं. साखळी सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याला, घालून घट्ट ओढलेली होती आणि ॲल्युमिनियमचा आर्म वाकला होता. खड्ड्याने टायर खाल्ला, वाचवणाऱ्याने आर्म. पैशांचा आकडा इथे लिहीत नाही. बायको हे वाचणार आहे.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचली. साध्या मोटार पॉलिसीत खासगी कार अपघातानंतर उचलून नेण्याचा खर्च धरलेला असतो, पण त्याला मर्यादा आहे १,५०० रुपये. तेही अपघात झाला तरच. नुसती बंद पडली तर नाही. त्यावर जे असिस्टन्सचं वेगळं कव्हर मिळतं त्यात किलोमीटरची मर्यादा असते आणि 'फ्लॅटबेड' हा शब्द बहुतेक ठिकाणी नसतोच. 'उपलब्धतेनुसार' हा असतो. मी पुढच्या वेळी फोन करून विचारलं, लेखी द्या की फ्लॅटबेडच येईल. तिकडून ईमेल आलं, "वुई विल ट्राय अवर बेस्ट". मी ते कव्हर ठेवलंय. मध्यरात्री पोलिसांशी बोलायला, क्लेम नंबर काढायला त्याचा उपयोग होतो. पण गाडी उचलायला माणूस आपला आपणच शोधायचा, हे तिथेच पक्कं झालं.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ नंबर आहे, तो मी आता सगळ्यांना देतो. पण ती मदत रस्ता मोकळा करण्यासाठी असते, आणि ते बरोबरच आहे. गाडी धोक्याच्या जागेवरून हलवून पुढच्या टोलनाक्याशी ठेवतील. तिथून पुढे आपलं आपण. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आणखी एक गंमत आहे. तिथे दुचाकीला बंदी, म्हणजे लोणावळ्यातला ओळखीचा मेकॅनिक पल्सरवर बसून तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही. त्याला आणायला आणखी एक चारचाकी लागते.

माणूस शोधायला भोसरीतच सुरुवात केली. मशिन हलवणारे हायड्रावाले ओळखीचे, त्यांनी मोशीच्या एका मामांचं नाव सांगितलं. मामांकडे तीन गाड्या. एक हुकची, एक चाकांखाली हात घालून उचलणारी, आणि एक फ्लॅटबेड, ज्याचा सबंध बेड मागे सरकून जमिनीला टेकतो. शनिवारी दुपारी मी शॉपमधला डिजिटल अँगल गेज घेऊन गेलो. बेड खाली टेकवल्यावर उतार भरला साडेतेरा अंश. माझ्या गाडीचं नाक दहाच्या पुढे घासायला लागतं. मामा माझ्या गेजकडे बघत चहा पीत होते. म्हणाले, "शेठ, अंश नका मोजू. ट्रकची मागची चाकं खड्ड्यात घातली की उतार कमी होतो. नायतर पुढं चढ असला पाहिजे. आपण उभं कुठं करायचं ते बघायचं."

हे वाक्य मला त्या शनिवारी मिळालेलं सगळ्यात स्वस्त ज्ञान. ट्रक सपाटीवर उभा करण्याऐवजी त्याचं शेपूट थोडं खाली राहील अशी जागा शोधायची. शोल्डरवरून डांबराखाली उतरलेली कडा, पेट्रोलपंपाच्या तोंडचा उतार, काहीही. वर दोन फळ्या घातल्या की काम होतं. फळ्या मी शॉपमधल्या पॅलेटच्या केल्या: चार फूट लांब, एका टोकाला रंधून निमुळत्या, खाली रबराची पट्टी. केमनला मागे काचेचा मोठा दरवाजा असल्याने त्या आडव्या बसतात. बायकोने त्यांना 'पाट' असं नाव ठेवलंय आणि पाहुणे आले की तेच सांगते.

मामांकडे पट्टे नव्हते, साखळ्याच होत्या. "पट्टा कापतो, शेठ. साखळी जन्मभर जाते." तेही खरंच. त्यांच्या ट्रकवर रोज वॅगनआर आणि छोटा हत्ती असतात, त्यांना साखळी चालते. मग मी टायरवरून गुंडाळून जाणारे चार रॅचेट पट्टे स्वतः विकत घेतले. गाडी बांधायची ती चाकांना, वरून. बॉडीला नाही, आर्मला नाही. चाक बांधलं की स्प्रिंगवर गाडी हवी तेवढी हलू दे, बेडवरून घसरत नाही. पट्ट्यांची पिशवी पाच-सहा किलोची आहे, तिच्यामुळे बायकोची बॅग मागे जाते आणि दर सहलीला तेवढी कुरबूर ऐकावी लागते.

त्याच सुमारास मी मोठ्या उत्साहाने ए-फोर कागदावर क्रेनवाल्यांसाठी सूचना लिहिल्या. मराठीत आणि हिंदीत. 'कृपया वाहन अधांतरी उचलू नये', 'टोइंग आय डावीकडे फिरवून बसवावा' वगैरे बारा मुद्दे, लॅमिनेट करून. मामांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "हे कोण वाचणार? रात्री दोनला पावसात माझा पोरगा उभा असतोय. फोटो लावा. इथं हुक. इथं नाय."

आता कागदावर चार फोटो आहेत. बंपरचं झाकण आणि त्यात बसवलेला आयबोल्ट, त्यावर डावीकडे वळणारा बाण. चाकावरून नेलेला पट्टा, खाली हिरवी खूण. आर्मला घातलेली साखळी, त्यावर लाल फुली. चौथा फोटो जॅक लावायच्या जागेचा. लिहिलेलं एकच वाक्य आहे: 'साखळी चाकाच्या आत नको.' मागच्या बाजूला माझा, बायकोचा आणि मामांचा नंबर.

जॅकचंही सांगतो. गाडी इतकी खाली की पंक्चरच्या दुकानातला ट्रॉली जॅक निम्म्या ठिकाणी आतच जात नाही, आणि गेला तर मुलं तो लावतात भलतीकडे. खाली प्लास्टिकची पॅनेलं आहेत, लोखंड कुठे संपतं आणि पॅनेल कुठे सुरू होतं ते वरून दिसत नाही. जॅक पॉइंट चारच. मी लेथवर नायलॉनचा एक गट्टू टर्न केला, जो त्या पॉइंटमध्ये बरोब्बर बसतो आणि खाली जॅकची वाटी धरतो. मग बायकोचं जुनं, सुकत आलेलं नेलपॉलिश घेऊन चारही पॉइंटच्या वर, दाराखालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला ठिपके दिले. आता पंक्चरवाल्याला "लाल ठिपक्याखाली" एवढं सांगितलं की पुरतं. चाकाच्या पाच बोल्टपैकी एकाला चोरी होऊ नये म्हणून वेगळी चावी आहे, ती काडेपेटीएवढी असते आणि हरवली की चाक निघतच नाही. तीही ग्लोव्हबॉक्समध्ये, लाल दोरा बांधून. यात मी नशीबवान. आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपमधल्या एकाकडे नवी पोर्श ९११ जीटी३ आहे, तिच्या चाकाला पाच बोल्ट नाहीतच, मधोमध एकच मोठा नट. माझे बोल्ट १३० न्यूटन-मीटरला आवळायचे, त्याचा तो नट ६००ला. रस्त्यावर कुणी तो उघडून दाखवावा, मी त्याला जेवायला घालीन.

टायरचा प्रश्न फळ्यांनी सुटत नाही. पुढचे २३५, मागचे २६५, म्हणजे पुढचं चाक मागे लावून वेळ मारून नेणंही नाही. मागच्या मापाचा एक वापरलेला पण धड टायर मी घरी आणून ठेवला आहे. माळ्यावर. फराळाच्या डब्यांशेजारी. या वाक्यावर घरात जेवढं बोलून झालंय तेवढं पुरे. हिशेब साधा आहे. साताऱ्याला गाडी अडकली तर नवा टायर मुंबईहून यायला दोन-तीन दिवस, आणि माळ्यावरचा टायर भाच्याच्या स्विफ्टमधून तीन तासांत.

रंगीत तालमीची कल्पना मुळात माझी नाही. शॉपमध्ये आम्ही वर्षातून एकदा आग विझवायची तालीम करतो. पहिल्या वर्षी कळलं की सिलिंडर ज्या कपाटात होता त्याची किल्ली माझ्या घरी होती. गाडीचंही तसंच काही निघेल असं वाटलं म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठरवून गाडी 'बंद पाडली'. आधी हेही बघून ठेवलं की पुढची डिकी उघडी असताना बॅटरीचं टर्मिनल सोडवायचं, डिकी बंद करायची, दार किल्लीने कुलूप लावायचं, आणि मग अनोळखी माणसासारखं समोर यायचं.

पाच मिनिटांत सिलिंडर आणि किल्लीचाच किस्सा. या गाडीची पुढची आणि मागची, दोन्ही झाकणं विजेवर उघडतात. बॅटरी पुढच्या झाकणाखाली. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत जायची वाट बंद. आणि त्याच झाकणाखाली माझा टोइंगचा आयबोल्ट, जम्प केबल, हवा भरायचा कंप्रेसर, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, मेलेल्या बॅटरीला धक्का द्यायला नुकताच घेतलेला लिथियमचा बूस्टर. झाडून सगळं. सगळी तयारी कुलुपात आणि कुलपाची किल्ली आत.

कंपनीने यावर उपाय दिला आहे. दार किल्लीच्या पात्याने हाताने उघडतं. पाय ठेवायच्या जागेत बाजूला फ्यूजबॉक्स आहे, त्यातला एक लाल खिळा चिमट्याने बाहेर ओढायचा. त्याला बाहेरच्या बॅटरीचं प्लस लावायचं आणि मायनस दाराच्या कुलपाचा जो दांडा बॉडीवर असतो त्याला. मग झाकण उघडण्यापुरता करंट मिळतो. गाडी या खिळ्यावरून स्टार्ट करायची नाही, फक्त झाकण उघडायचं. मॅन्युअलमध्ये असंही लिहिलंय की गाडी कुलूपबंद असेल तर जोडताक्षणी अलार्म वाजेल. ते मी वाचलं होतं. तो केवढा वाजतो ते कुठे लिहिलेलं नव्हतं. बेसमेंटमध्ये, रविवारी, दुपारी अडीचला. वॉचमनकाका काठी घेऊन धावत आले. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू बाल्कनीतून नाही, थेट खाली आल्या. मी एका हाताने मायनसचा चिमटा धरून दुसऱ्या हाताने रिमोट शोधत होतो आणि रिमोट शर्टाच्या वरच्या खिशात होता.

काकांनी शेवटी विचारलं, "साहेब, गाडी तुमचीच ना?"

त्या संध्याकाळी सामानाची फेरमांडणी झाली. आयबोल्ट, त्याचा पाना, बूस्टर, जम्प केबल, चिमटे, त्रिकोण, टॉर्च, चकाकणारं जॅकेट हे सगळं केबिनमध्ये, सीटमागच्या जागेत एका पिशवीत. डिकीत फक्त ज्याच्यावाचून अडत नाही ते. बूस्टर उन्हाळ्यात गाडीत ठेवायचा नाही, लिथियमला मे महिन्यातलं बंद गाडीतलं ऊन सोसत नाही. म्हणून तो निघताना घ्यायचा आणि आल्यावर घरी चार्जिंगला. त्रिकोण लावूनही ही गाडी ट्रकवाल्याला लांबून दिसत नाही, इतकी ती बुटकी. म्हणून दोन मीटरची घडीची काठी आणि तिला लावायला कापड घेतलं. पहिलं कापड भगवं निघालं. काकांनी विचारलं, "वारीला का?" आता फ्लोरोसंट हिरवं आहे. बाकी दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवायची आपली जुनी पद्धत आहेच, पण ठेवणाऱ्याने निघताना ते उचलावेत. खंबाटकीतले निम्मे दगड कालच्या बंद ट्रकचे असतात.

आणि एक काम लोकांना वेडेपणा वाटतं. गाडी धडधाकट असताना जानेवारीत मी मामांना पैसे देऊन बोलावलं आणि सर्व्हिससाठी गाडी बाणेरपर्यंत त्यांच्या बेडवर नेली. मामांचा मुलगा, फळ्या, पट्टे, फोटोचा कागद. पहिल्यांदा पंचावन्न मिनिटं लागली. एक फळी सरकली, कारण रबराची पट्टी मी चुकीच्या बाजूला लावली होती. ती तिथेच उलटी केली. विंचची तार ओढायला लागल्यावर गाडी सरळ न येता थोडी डावीकडे जायला लागली. स्टिअरिंगला कुलूप लागलं होतं, किल्ली आत घालून फिरवायला मी विसरलो होतो. असले घोळ पेट्रोलपंपावर, दिवसाउजेडी, दहा फुटांवर चहा असताना घालून झाले ते बरं. उतरवून परत चढवली, तेव्हा वीस मिनिटांत वर. मामांच्या मुलाने प्रत्येक पायरीचा व्हिडिओ काढला. मला वाटलं इन्स्टाग्रामसाठी. तसं नव्हतं, हे पुढे कळलं.

खरी वेळ आली फेब्रुवारीत, वाईला. मित्राच्या वाड्यात मुक्काम, गाडी गणपतीच्या घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत. सकाळी रिमोट दाबला, काही नाही. मेलेली. कारण शोधायला वेळ लागला आणि सापडल्यावर स्वतःच्या डोक्यावर मारून घ्यावंसं वाटलं. इंडिकेटरचा दांडा खाली राहिला होता. या गाडीत इग्निशन बंद करून दांडा एका बाजूला ठेवला तर त्या बाजूचे पार्किंगचे दिवे रात्रभर जळत राहतात. अरुंद, अंधाऱ्या गल्लीत गाडी दिसावी म्हणून जर्मनांनी केलेली सोय. गल्ली अरुंद होती, अंधारी होती, गाडी रात्रभर छान दिसलीही असणार.

बूस्टर? पुण्यात, चार्जिंगला. निघताना घ्यायचा हा नियम माझाच, आणि विसरलो मीच. मित्राच्या शेजारी बोलेरो होती, तिच्या मालकाने कुरकुर न करता बॅटरी काढून गल्लीत आणून ठेवली. केबल पिशवीत होत्या, म्हणजे केबिनमध्ये. दार पात्याने उघडलं, लाल खिळा ओढला. आजूबाजूला जमलेल्यांना मी आधीच सांगितलं, "आता हे जोरात बोंबलेल, घाबरू नका," आणि या वेळी रिमोट डाव्या हातात धरून प्लस-मायनस जोडलं. बोंबललं. तीन सेकंदांत गप्प केलं. झाकण खट्कन उघडलं तेव्हा गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिथून पुढे बॅटरीवर थेट केबल, दहा मिनिटं थांबून स्टार्टर, आणि सव्वानऊला आम्ही मिसळ खात होतो. बायको म्हणाली, एवढ्यासाठी बेसमेंटमध्ये बोंब मारून घेतली होती तर. होय, एवढ्यासाठीच.

बॅटरी पुण्यात आल्यावर बदलली, ती तशीही म्हातारीच झाली होती. आता गाडी उभी असते तेव्हा बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनन्स चार्जर लावलेला असतो. इटालियन गाड्यावाले हे पूर्वीपासून करतात, त्यांची गाडी महिनोन्‌महिने उभीच असते. पार्किंगमधल्या प्लगला सबमीटर बसवायला सोसायटीच्या कमिटीचे दोन ठराव लागले; तो किस्सा वेगळा आहे आणि त्यात गाडीचा काही दोष नाही.

मामांच्या गाडीची गरज अजून पडलेली नाही. पण परवा रात्री साडेदहाला त्यांच्या मुलाचा फोन आला. ताम्हिणीत कुणाची तरी गाडी अडकली होती.

"शेठ, एक बुटकी गाडी हाय. आपल्यासारखीच. बंपरला झाकण हाय, आत आटा पण दिसतोय. पण बोल्ट धरेना."

"डावीकडे फिरवून बघ."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग त्याचा आवाज. "धरला, धरला. पट्टे चाकावरूनच ना?"

"चाकावरूनच. आतून काही नको. गाडी कुठली आहे पण?"

"काय म्हायती नाय, शेठ. पिवळी हाय."

फोटो पाठव म्हटलं.